जास्वंदीचा आडोसा

"चहा निवायच्या आत ह्या कुंपणाचा निकाल लावला न्हाई, तर सुभेदार आकाराम नाव सांगणार न्हाई!" असं म्हणून आकारामनं टेबलावर असा हात आपटला की कपबशी उडाली. चहा निवला नाही, सांडला. मुदत तिथंच संपली. सुभेदारांनी नाव सांगायचं मात्र पुढंही चालूच ठेवलं.

लीलाबाईनं फडकं आणून टेबल पुसलं. तिचा नवरा पलटणीतून पेन्शनीत आला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण पलटण काही त्याच्यातून निघाली नव्हती. साधी मेथी निवडायची म्हटली तरी तो आधी बैठक बोलवायचा. आणि लीलाबाईनं तर चार दिवसांपूर्वी चांगलं मोठं वाक्य टाकलं होतं, "अंगणात जरा आडोसा पायजे. बारा महिनं हिरवा राहील असा."

एवढंच. त्या एवढ्याशा वाक्यावर आज रविवारी सगळं घर ओसरीत जमलं होतं.

वाटणी झाल्यापासून कडेगावच्या त्या मळ्यात दोन घरं समोरासमोर तोंड करून बसली होती. पलीकडं थोरला भाऊसो आणि त्याची बायको शालूबाई, अलीकडं आकाराम आणि लीलाबाई. मध्ये मोकळं अंगण. वाटणीच्या दिवशी अंगणाच्या मधोमध चुन्याची रेघ मारली होती. चुना कधीच वाहून गेला, रेघ मात्र दोन्ही भावांच्या डोक्यात पक्की होती, आणि दोघांच्या डोक्यातली रेघ एका जागेवर नव्हती.

त्यामुळं आडोसा म्हटल्यावर ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावला. आकारामला वाटलं, बायकोचं जावंशी बिनसलं. भाऊसोला वाटलं, धाकट्याला झाडांच्या नावाखाली हातभर जागा दाबायची हाय. लीलाबाईचा मुलगा साईराज पुण्याच्या कंपनीचं काम घरात बसून करायचा, त्याला वाटलं आईला आता फार्महाऊसचं कळायला लागलं. आणि शालूबाईला काय वाटलं ते तिच्या घरातल्या भांड्यांच्या आवाजावरून चार दिवस सगळ्या मळ्याला ऐकू येत होतं.

खरं कारण फक्त सून मयूरीला माहीत होतं. ते खताच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांखाली झाकून ठेवलेलं होतं. मयूरीची साताऱ्याच्या माहेराहून आलेली जुनी निळी स्कूटी.

लीलाबाईचं माहेर शिराळ्याचं. नागपंचमीला शिराळ्याची लेक माहेरी नाही गेली तर गावातला नागसुद्धा चौकशी करतो, असं तिचा भाऊ नाथाजी म्हणायचा. आणि लीलाबाई तीन पंचम्या गेली नव्हती. एका वर्षी जीपचं चाक बसलं होतं, एका वर्षी आकारामचा गुडघा. गेल्या वर्षी तर ती पिशवी भरून, नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती आणि आकाराम म्हणाला होता, "उद्या सोडतो की. पंचमी काय पळून चाललीया?" पंचमी पळून गेली. एस.टी.नं जाते म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "सुभेदाराची बायकू स्टँडावर चालत जाणार? लोक काय म्हणत्याल?"

म्हणून तिनं ठरवलं होतं, चालत नाही जायचं. गाडीवर जायचं. स्टँडपर्यंत आपली आपण, पुढं एस.टी. आहेच.

दुपारी पुरुष झोपले की मयूरी शिकवायची. पण शालूबाईची खिडकी अंगणावर उघडायची, आणि त्या खिडकीला झोप अशी नव्हतीच. स्कूटी चालू करून जरा वळवली की पलीकडं खिडकीची फळी करकरायची आणि सासू-सून गाडी ढकलत पोत्यांकडं पळायच्या. त्यामुळं लीलाबाईला गाडी चालू करता यायची, सोडता यायची, वळवता यायची. थांबवायचा धडा आला की दरवेळी फळी करकरायची. तेवढा तो राहून गेला होता. मयूरी मागनं पळत येऊन गाडी धरायची, तेच सध्या ब्रेकचं काम होतं.

"हां, तर बोला," आकाराम म्हणाला. "माझ्या मतानं कुंपणाचा शेर लावावा. तोडला की चीक गळतोय. डोळ्यात गेला की दुश्मन आंधळा."

"दुश्मन कोण पण?" भाऊसोनं विचारलं. तो वडीलकीच्या मानानं मधल्या खुर्चीत बसला होता. "पलीकडं मी ऱ्हातोय."

"आवं दादा, तुमचं न्हाई म्हणत."

"मग पलीकडं दुसरं कोण हाय? सांग की."

तेवढ्यात साईराजनं मोबाईल पुढं केला. "आबा, हे बघा. थुजा. भिंतीसारखं सरळ वाढतंय. एकदम क्लास."

सगळ्यांनी आळीपाळीनं फोटो बघितला. भाऊसोनं चष्मा वर करून, मग खाली करून बघितला.

"झाडाखाली पांढरं काय पडलंय?"

"बर्फ हाय, तात्या."

"मग कडेगावात बर्फ कोण टाकणार? तुझा सासरा?"

मयूरी सातारकर, वडलांचा उल्लेख झाल्यावर गप्प बसायचा तिचा रिवाज नव्हता. "माझे वडील कशाला टाकतील? मी म्हणते कामिनी लावू या. बारा महिने हिरवी, दाट, आणि फुलली की घरभर वास."

"वास सुटला की जनावर येतंय," भाऊसो म्हणाला. जनावर म्हणजे साप. सणाच्या तोंडावर नाव कोण घेणार?

"येऊ दे की," लीलाबाईच्या तोंडून निघून गेलं. "आला तर माझ्या माहेरचाच असंल. मी जात न्हाई, तर त्योच बघायला आला म्हणायचं."

आकारामनं उगीचच गुडघा चोळला.

तेवढ्यात शालूबाई आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण वाटीभर साखर परत करायला यायला बोलावणं लागत नाही. वाटी तिनं टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच म्हणाली, "झाड कशाला? भिंतच घाला की. वर काचा लावा. माझं तोंड दिसायचं बंद झालं की लीलेला घास गोड लागंल."

"बाई, तसं न्हाई हो."

"मग कसं हाय? सांग की. आडोसा कशाला पायजे तुला? ह्या म्हातारपणात काय अंगणात न्हायला बसणार हायस?"

लीलाबाईनं मयूरीकडं बघितलं. मयूरीनं छताकडं बघितलं. सांगायला गेलं तर आत्ताच्या आत्ता स्कूटी जप्त झाली असती आणि चौथी पंचमीही गेली असती. "धूळ येतीया," लीलाबाई म्हणाली.

"धूळ!" शालूबाई हसली. "आमच्याकडनं धूळ येतीया. बरं." आणि ती खुर्ची ओढून, चांगली पदर खोचून बसली. "मग मेंदी लावा. माझ्या माहेरात मेंदीच हाय."

"मेंदी विरळ ऱ्हाती वैनी," आकाराम म्हणाला.

"मेंदी नको," भाऊसोही म्हणाला, आणि दोघा भावांनी चमकून एकमेकांकडं बघितलं. वाटणीनंतर पहिल्यांदाच त्यांचं एका गोष्टीवर जमलं होतं. त्याचा दोघांनाही जरा धक्का बसला.

"बघा, बायकूच्या विरोधात भाऊ कसा लगेच भावाला मिळाला!" शालूबाई म्हणाली. "मयूरी, माझं मत तुझ्या कामिनीला."

"थँक्यू हं काकू."

"मग मी तात्यांच्या बाजूनं," साईराज म्हणाला.

"तात्यांनी कुठलं झाड सांगितलंय?" मयूरीनं विचारलं.

कोणीच नीट सांगू शकेना. तात्यांनाही आठवेना.

लीलाबाईनं हळूच आपलं घोडं पुढं दामटलं. "मी काय म्हणते, अडुळसा लावा. बारमाही हिरवा, दाट, आणि शेळी त्याला तोंड लावत न्हाई."

झालं. भाऊसो खुर्चीतून अर्धा उठला. "शेळी? ह्या मळ्यात शेळ्या कुणाच्या हायत? माझ्या. म्हंजी माझ्या शेळ्यांवर आळ!"

"तसं न्हाई म्हटलं मी."

"माझ्या शेळ्या दाव्याला असत्यात. कुणाच्या पानाला त्वांड लावत न्हाईत. अडुळसा न्हाई लावायचा! इज्जतीचा सवाल हाय."

"आन अडुळसा खोकल्याचं झाड," आकारामही सरसावला. "दारात बघितलं की लोक म्हणत्याल, सुभेदाराला दमा लागला."

भाऊ-भाऊ दुसऱ्यांदा एक झाले. ही एकी बघून लीलाबाईला काळजीच वाटायला लागली.

शेवटी देवाच्या नावावर मिटलं. जास्वंद कोणी सुचवली हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. साईराज म्हणायचा मी, शालूबाई म्हणायची मी. गणपतीला रोज फूल मिळंल म्हटल्यावर विरोध करणारा पापी ठरला असता, म्हणून कोणी केला नाही. मग लाल का पिवळी यावर दुसरा चहा झाला. रंगाच्या वादात हातपाय चालायची वेळ आली तेव्हा आकारामनं उभं राहून हुकूम सोडला, "पुरुषभर उंचीची तयार रोपं, पिशवीतली. लालच. पंचमीदिवशी सकाळी टेम्पो येईल. सणाला सगळे घरात असत्यात, मनुष्यबळाची अडचण न्हाई. फौरन खड्डे, फौरन लागवड!"

कुणीतरी त्याच वेळी बोलायला हवं होतं. निदान शिराळ्याच्या लेकीनं तरी. पण लीलाबाई मनात गाडीचे दोन ब्रेक मोजत होती, उजव्या हाताचा आधी का डाव्या, आणि बाकीचे अजून पिवळ्यावरच होते.

पंचमीदिवशी टेम्पो आला. हिरवीगार, पानांनी डवरलेली जास्वंद अंगणात उतरली. आकारामनं कुदळ खांद्यावर घेतली, साईराजनं पहार. दोघं अंगणात पाय टाकतात तोवर दोन्ही घरांच्या दारांतून दोन बायका एकदम ओरडल्या.

"आवं, कुदळ खाली ठेवा!"

"आकाराम, खुळा झालास काय? आज पंचमी!"

पंचमीला जमीन उकरायची नाही. नांगर नाही, कुदळ नाही, विळी नाही, कोयता नाही. मातीखाली नागोबा असतो, त्याला लागलं तर? तव्यावर भाकरीसुद्धा टाकायची नाही, उकडून दिंडं करायची. हे ह्या मुलखात शेंबड्या पोरालाही माहीत. फक्त सुभेदाराच्या हुकुमात ते बसलं नव्हतं.

"मग ही झाडं काय करू?" आकारामनं विचारलं.

"उद्या लावा."

"उद्या माणसं कुठली? साईराजची मीटिंग, माझा गुडघा."

टेम्पोवाला तर कधीच निघून गेला होता. शेवटी सुभेदारांनी मार्ग काढला. उकरायचं नाही ना? मग नुसती उभी करू. त्यांनी पिशव्यांची ओळ लावून घेतली. "सज जा! दहिने देख! ए, ती मधली जास्वंद पुढं आलीया, मागं घे." अर्ध्या तासात मध्यभागी हिरवी भिंत उभी राहिली. लीलाबाईनं ओट्यावरून बघितलं. पलीकडची खिडकी दिसत नव्हती.

पण खड्ड्यात रोवलेलं कुंपण एक जागा धरतं. पिशवीतलं कुंपण कुणाच्या बापाचं ऐकत नाही. भाऊसो पान खायला म्हणून आला आणि जाता जाता एक पिशवी पायानं अलीकडं सारून गेला. आकारामनं ती परत ढकलली, वर आणखी एक वीतभर. साईराज चार पिशव्या सरळ करायला गेला तर शालूबाईनं पलीकडून त्याच चार धरल्या. दुपारपर्यंत ओळ अशी काही वळली होती की नागोबानंच येऊन आखून दिली असावी.

"दादा, रेघ फाटकाजवळच्या चिंचंच्या समोर होती."

"चिंच तवा ल्हान होती. आता ती कुठं बघतीया त्याच्यावर काय जातंय?"

जेवायला सगळे आकारामकडंच बसले. सणाला भांडण ताटापर्यंत न्यायचं नाही हा दोन्ही घरांचा नेम. पुरणाची दिंडं, वर तूप. वाढता वाढता लीलाबाईचा फोन वाजला.

"अक्का," नाथाजी म्हणाला, "येतीस न्हवं? का औंदा बी उद्या?"

लीलाबाईनं पुरुषांच्या पंगतीकडं पाठ केली. "दारातनं हाक मारीन तवा कळंल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"कोण गं?" आकारामनं विचारलं.

"नाथाजी."

"सोडतो की उद्या," तो दिंड मोडत म्हणाला. "जीप सकाळी साईराजला मीटिंगला लागतीया. दुपारी बघू."

लीलाबाईनं त्याच्या ताटात आणखी दोन दिंडं वाढली. नाही म्हणाला तरी वाढली. पुरण अंगावर यायला वेळ लागत नाही.

तिकडं, सगळे जेवत असताना, भाऊसोच्या गोठ्यात वेगळाच सण चालला होता. पंचमीला विळा चालत नाही म्हणून चारा आदल्या संध्याकाळीच कापून ठेवायचा असतो. आदल्या संध्याकाळी भाऊसो हातात दोरी घेऊन अंगण मोजत होता. शेळ्या सकाळपासून उपाशी होत्या आणि बोंबलत होत्या. जेवून परत जाताना भाऊसोला त्यांची दया आली. कापून घालता येत नाही तर त्यांनी आपलं आपण खावं, एवढा साधा विचार करून त्यानं दावी सोडली आणि जाऊन आडवा झाला.

आकाराम घोरायला लागल्यावर लीलाबाईनं पिशवी उचलली. नवं लुगडं, पदर कमरेला घट्ट, डोक्यावर साईराजचं हेल्मेट. मयूरीनं पोती बाजूला केली.

"आई, प्लॅन परत सांगा."

"अंगणात फेऱ्या मारायच्या, हात बसवायचा. मग तू मागं बसायचं, स्टँडवर जायचं, पंचमीची जादा गाडी धरायची. तू गाडी घेऊन परत."

"आणि थांबताना?"

"तू हायस की."

"अहो, मी मागं बसलेली असणार. पळणार कशी?"

हा मुद्दा आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता. "आधी फेऱ्या तर मारू," मयूरी म्हणाली.

स्कूटी चालू झाली. लीलाबाईनं पाय उचलले आणि जास्वंदीच्या कडेनं पहिला फेरा घेतला. पलीकडं फळी करकरली नाही. आडोसा, आपला आडोसा! दुसऱ्या फेऱ्याला तिनं खांदे सैल सोडले. पलीकडून कसलातरी कुरकुर, कुरकुर आवाज येत होता, तो तिला इंजिनाचा वाटला. नजर तिनं पुढच्या चाकावर ठेवली होती, मयूरीनं तसंच शिकवलं होतं. तिसऱ्या फेऱ्याला वाटलं, गेली चाळीस वर्षं आपण हे का केलं नाही? चौथ्या फेऱ्याला उजेड जास्त वाटायला लागला. पाचव्याला तिनं मान वर केली.

जास्वंद नव्हती. पिशव्या होत्या, पिशव्यांत काटक्या होत्या, आणि काटक्यांच्या मागं शेळ्या समाधानानं रवंथ करत उभ्या होत्या. शेळ्यांच्या मागं शालूबाई, तोंडाचा आ करून. तिच्या शेजारी भाऊसो. अलीकडच्या ओट्यावर बनियनवर आकाराम, आणि त्याच्या मागं कानात मोबाईलच्या वायरी लोंबणारा साईराज.

"लीले!" शालूबाई किंचाळली. "गाडीवर?"

"आई, ब्रेक!" साईराज.

"क्लच दाब, क्लच!" भाऊसो. स्कूटीला क्लच नसतो.

"आई, मी धरते, हळू करा!" मयूरी मागनं पळत होती, पण बघणाऱ्यांपुढं लीलाबाईच्या मुठीत आपोआप जोर आला होता आणि मयूरी मागंच राहिली.

"ह्याच्यापायी व्हय गं आडोसा?" शालूबाई काटक्या ओलांडून धावत आली. तिच्या आवाजात राग नव्हता, भलतंच काहीतरी होतं. "मला सांगायचं न्हाईस? मी धरली असती की मागनं! मी काय मेले होते?"

लीलाबाईला त्या क्षणी जावेला कडकडून मिठी मारावीशी वाटली. पण त्यासाठी थांबावं लागलं असतं. समोर चिंच आली. आकाराम ओट्यावरून पलटणीच्या आवाजात गरजला, "बाएँ मुड!"

चाळीस वर्षं ऐकलेला आवाज. ती डावीकडं वळली, अगदी नमुनेदार. डावीकडं फाटक होतं, उघडं.

"बघितलंत? कशी वळली!" आकाराम अभिमानानं म्हणाला. मग फाटकाबाहेरची धूळ बघून त्यानं विचारलं, "कुठं निघाली?"

"शिराळ्याला," मयूरी धापा टाकत म्हणाली.

"उद्या सोडतो म्हटलं होतं की मी!"

हे लीलाबाईला ऐकू आलं नाही. ती मळ्याच्या वाटेनं निघाली होती, पिशवी पायाशी, हेल्मेट जरा तिरकं. पाटावरचा पूल ओलांडला. डांबरी रस्ता लागला. नात्यातल्या एका बाईनं हात केला, तिनं मान हलवली. हात सोडायची सोय नव्हती. गावात शिरताना पोरं बाजूला झाली, एक म्हैस झाली नाही, तर लीलाबाईच म्हशीला वळसा घालून पुढं गेली. स्टँड दिसला. शिराळ्याची जादा गाडी उभी होती, कंडक्टर घंटी मारायच्या बेतात. वेळेवर पोचलो, असं तिच्या मनात आलं. आता थांबलं की झालं.

लीलाबाई एस.टी.च्या मागच्या अंगाला जाऊन थांबली. तिला काही लागलं नाही, एस.टी.लाही नाही. स्कूटीचा डावा आरसा एस.टी.च्या शिडीत अडकून निघाला आणि एस.टी. सुटल्यावर आत बसलेल्या लीलाबाईबरोबर शिराळ्याला गेला.